शेजारच्या खोलीतले पाणी

बार्शीच्या बाजारपेठेत पाईप आणि सॅनिटरी सामानाचे आमचे दुकान आहे आणि त्यात माझी बत्तीस वर्षे गेली. गिऱ्हाईक गळतीसाठी येते, कमी दाबासाठी येते, दुर्गंधीसाठी येते. पाणी वाजते म्हणून येणारे गिऱ्हाईक विरळा. गेल्या चातुर्मासात ही तक्रार आली, आणि ती घरातूनच आली.

आमच्या मातोश्री पुण्यात धाकट्या बंधूंकडे असतात. वय एक्याऐंशी. दृष्टी मंदावली आहे, कान मात्र अजून तिखट. चातुर्मासात त्या घराबाहेर फारशा पडत नाहीत. पहाटे उठून सामायिकास बसायचे, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. सामायिक म्हणजे दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे दिवाणखान्यात पुतण्याची समुद्री माशांची टाकी आहे, आणि त्या टाकीतून दर दीड-दोन मिनिटांनी, एखाद्या मोठ्या माणसाने ताटातली कढी शेवटपर्यंत ओढून प्यावी तसा, लांबलचक घोट घेतल्याचा आवाज येत असे. मधल्या वेळात नुसती खळखळ. रात्रीही तेच.

ही टाकी घरात कशी आली हे सांगणे आवश्यक आहे, कारण वाचकांपैकी अनेकांच्या मनात पहिला प्रश्न तोच येईल. जैन घरात मासे पाळावेत काय? आमच्या घरात कोणी ते विकत आणलेले नाहीत. त्याच सोसायटीतले एक भाडेकरू नोकरीनिमित्त परदेशी निघाले. त्यांच्या टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश, शेवाळ खाणारा एक ब्लेनी, काही गोगलगायी आणि दगडांवर वाढलेली मऊ पोवळी होती. टाकी विकत घेणारा दुकानदार जीव वेगळे काढून पुन्हा विकणार होता. पुतण्याने आजीला विचारले. त्या एवढेच म्हणाल्या, “आपण आणले नाहीत रे, पण आता ते कुठे जातील ते ठाऊक असून गप्प बसायचे, हेही बरे नाही.” अशी ती टाकी तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर आली.

समुद्रात सोडून द्या, असे सुचविणारे हितचिंतक पुष्कळ भेटले. ते अभयदान ठरत नाही. असे क्लाउनफिश बहुधा टाकीतच जन्मलेले असतात. शत्रू कोण आणि आडोसा कुठला हे त्यांना ठाऊक नसते. शिवाय टाकीतला एखादा रोग त्यांच्याबरोबर समुद्रात जाऊन तिथल्या जीवांना बाधण्याचा धोका राहतो. पोवळ्यांबद्दल एक गोष्ट आपल्या जवाहिऱ्या बांधवांना रुचेल. आपण मंगळाचे रत्न म्हणून जे पोवळे तोलतो, तो खडा खाणीतून येत नाही. तो समुद्रातल्या असंख्य सूक्ष्म जीवांनी मिळून उभारलेला सांगाडा आहे. खडक बांधणारी सर्व कठीण पोवळी आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पुतण्याकडे आहेत ती सांगाडा नसलेली मऊ पोवळी. हे त्याने आधी तपासून घेतले होते, याचे मला समाधान वाटले.

आता बंधूंचे म्हणणे असे की, आईची झोप मोडते, तर रात्री पंप बंद ठेवावा. वरवर पाहता उपाय सोपा होता. परंतु अशा टाकीत पाण्यातला प्राणवायू हा पाणी सतत हलते राहण्यावर अवलंबून असतो. मासे, गोगलगायी, पोवळी आणि दगडातले सूक्ष्म जिवाणू, सगळे त्याच पाण्यातून श्वास घेतात. रात्री दिवे मालवले की शेवाळ आणि पोवळ्यांतली सूक्ष्म वनस्पती प्राणवायू देणे थांबवून उलट घेऊ लागते. म्हणजे ज्या वेळी पंप बंद करायचा, नेमकी तीच वेळ अडचणीची. आई स्वतः फार शिकलेल्या नाहीत, पण श्रावकाच्या व्रतांचे अतिचार त्यांना मुखोद्गत आहेत. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध आणि शेवटचा अन्नपाननिरोध. त्या म्हणाल्या, “बांधून ठेवले आहेच. आता श्वासही मोजून द्यायचा का? मी कानात कापूस घालीन.” कापूस घालून सामायिक करणारी आई पाहणे बंधूंना सोसेना आणि त्यांनी मला फोन केला.

मी पुण्याला गेलो आणि दोन तास त्या टाकीपुढे नुसता बसून राहिलो. रचना अशी असते. वर काचेची टाकी. आमची चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, पाणी सुमारे तीनशे लिटर. खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी, तिला या छंदातले लोक ‘संप’ म्हणतात. गिरणीच्या संपाशी तिचा संबंध नाही, ती एका क्षणासाठीही थांबून चालत नाही. खालचा पंप ताशी साधारण अठराशे लिटर पाणी वर चढवतो. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा आहे, त्याच्या कडेला फणीसारखे दात. वाढलेले पाणी त्या दातांवरून कप्प्यात सांडते आणि कप्प्याच्या तळाशी असलेल्या छिद्रातून नळीवाटे खाली येते. पंप जितके चढवील तितके उतरले पाहिजे. थेंबभर कमी उतरले तरी काही काळाने दिवाणखान्यात खारे पाणी, आणि त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतात.

त्या कप्प्यात एकच उतरती नळी होती. तिच्या डोक्यावर खाली वळवलेला एल्बो आणि टोपणाला हवेसाठी एक बारीक छिद्र. ही पद्धत रिचर्ड डर्सो नावाच्या अमेरिकन हौशी गृहस्थाच्या नावाने जगभर ओळखली जाते आणि तिने पुष्कळांची सोय केली आहे. परंतु तिच्यात पाणी आणि हवा एकाच नळीतून उतरतात. हवा जास्त शिरली तर खळखळ. कमी पडली तर नळी पूर्ण भरते, पाणी वेगाने ओढले जाते, कप्पा रिकामा होतो, शेवटी हवा शिरते आणि तो घोट ऐकू येतो. मग कप्पा पुन्हा भरेपर्यंत शांतता. टोपणाच्या छिद्रात मिठाचे कण साचले की हा खेळ सुरू होतो. आधी एका नळकारागिराला बोलावले होते. त्याने दोन इंची पाईप टाकण्याचा सल्ला दिला. सांडपाण्याच्या कामात तो सल्ला चुकीचा नाही, येथे मात्र मोठा पाईप म्हणजे अधिक हवा आणि अधिक गलका.

येथे माझ्या धंद्यातली एक गंमत सांगतो. इमारतीच्या सांडपाण्याच्या नळांत सायफन हा आमचा वैरी. वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सुटले की खालच्या न्हाणीघरातल्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि घरात वास येतो. म्हणून आम्ही मुद्दाम हवेचा पाईप गच्चीपर्यंत नेतो. आयुष्यभर मी सायफन मोडण्याचे सामान विकले. या टाकीला हवा होता तो पक्का, न तुटणारा सायफन. नळी काठोकाठ पाण्याने भरलेली असेल आणि तिच्यात हवेचा बुडबुडाही नसेल, तर पाणी उतरताना वाजायला कारणच उरत नाही. आवाज पाण्याचा नसतो, पाण्यात अडकलेल्या हवेचा असतो.

पुतण्याने याविषयी बरेच वाचले होते. ‘हर्बी’ या टोपणनावाच्या एका हौशी माणसाने रूढ केलेली दोन नळ्यांची पद्धत त्याने मला कागदावर काढून दाखविली. एक नळी सायफनची, तिच्यावर झडप. दुसरी आणीबाणीची, तिच्यावर कसलीही झडप नाही. सायफनचे तोंड कप्प्यात खोलवर, पाण्याखाली. आणीबाणीच्या नळीचे तोंड वर, नेहमीच्या पातळीच्या किंचित आसपास. झडप हळूहळू आवळत न्यायची, इतकी की पंपाने चढवलेले जवळजवळ सगळे पाणी भरलेल्या नळीतून उतरेल आणि उरलेली बारीक धार दुसऱ्या नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून निःशब्द खाली येईल. तीन नळ्यांची याहून निर्धोक पद्धतही आहे. पण आमच्या कप्प्याच्या तळाला दोनच छिद्रे होती आणि भरलेल्या, वसलेल्या टाकीच्या काचेला नवे छिद्र पाडण्याचा विचार कोणीही मनात आणू नये.

दोन छिद्रांपैकी एक इंची छिद्र उतरत्या पाण्याचे आणि पाऊण इंची चढत्या पाण्याचे होते. आम्ही चढती नळी टाकीच्या काठावरून आत घेतली आणि ते पाऊण इंची छिद्र सायफनला दिले. एक इंची छिद्र आणीबाणीसाठी ठेवले. पुतण्याला हे उलटे वाटले. मी त्याला म्हटले, “अरे, रोजच्या कामाला अरुंद गल्ली चालते; आग लागल्यावर पळायचे दार मोठे असावे लागते.” सुमारे एक मीटर उंचीवरून भरून उतरणारी पाऊण इंची नळी अठराशे लिटर सहज वाहून नेते.

सामान जमवणे हेच खरे काम ठरले, आणि दुकानदार असूनही मला त्यासाठी तीन बाजार पालथे घालावे लागले. शेतीचा पाईप मिलिमीटरमध्ये, बाहेरच्या व्यासाने विकला जातो. घरातल्या नळांचा पाईप इंचात. दोन्ही पांढरट, दोन्ही पीव्हीसी, पण एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने सोल्युशन लावून बसवले तर वर्षभरात सांधा सुटतो. दुसरी अडचण झडपेची. गेट व्हॉल्व मागितला की प्रत्येक दुकानदार पितळी पुढे करतो. खाऱ्या पाण्यात पितळेतून तांबे उतरते, आणि तांब्याचा अंशसुद्धा पोवळी आणि गोगलगायींना विष. बॉल व्हॉल्व प्लास्टिकचा सर्वत्र मिळतो, पण तो पाव फेऱ्यात पूर्ण बंद होतो. केसभर आवळणे त्याला जमत नाही. गेट व्हॉल्वचे चक्र अनेक फेरे घेते, म्हणून हे काम त्याचेच. अखेर रसायनांच्या कारखान्यांना माल देणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे संपूर्ण प्लास्टिकचा गेट व्हॉल्व मिळाला. बाकी सगळ्या सामानाच्या बेरजेहून त्या एकाची किंमत अधिक होती. मी घासाघीस केली नाही, हे आमच्या घरात अजूनही आश्चर्याने सांगितले जाते.

पंप बंद ठेवण्याचा काळ जितका कमी तितके बरे, म्हणून सर्व तुकडे आधी कोरडे जुळवून, खुणा करून, टाकीपासून दूर गच्चीत चिकटवले आणि एक दिवसाहून अधिक वाळू दिले. दोन्ही नळ्यांवर हाताने सोडवता येतील असे युनियन घेतले. नव्वद अंशांच्या एल्बोऐवजी शक्य तेथे पंचेचाळीस अंशांचे वापरले. पाणी जितके कमी आपटेल तितके बरे. प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप आणि टाकीतला लाटा करणारा पंखा चालूच होता. काम अडीच तासांत आटोपले.

आई खुर्ची घेऊन शेजारी बसल्या होत्या. त्यांचा प्रश्न एकच होता, पण तो आम्हा दोघांच्या कागदावर नव्हता. “दातांवरून एखादी गोगलगाय कप्प्यात पडली आणि त्या चक्रात सापडली तर?” झडपेत अडकलेला जीव हा त्यांना पुराहून मोठा अनर्थ वाटत होता. व्यवहारातही प्रश्न अचूक होता, कारण झडप तुंबण्याचे कारण बहुधा तेच असते. सायफनच्या तोंडाला जाळीदार टोपी बसवली आणि फणीच्या दातांवर बारीक प्लास्टिकची जाळी ताणली. जाळी आठवड्याला धुवावी लागते. हे काम आईंनी आपल्याकडे घेतले आहे.

पाणी गाळण्याच्या पिशवीबाबतही त्यांनी आपली रीत चालवली. उतरते पाणी ‘संप’मध्ये पडण्यापूर्वी कापडी पिशवीतून जाते. ती पिशवी लोक सरळ नळाखाली धुतात. गोड्या पाण्याचा स्पर्श होताच तिच्यात अडकलेले समुद्री सूक्ष्म जीव मरतात. आपल्याकडे गाळलेल्या पाण्यातले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडण्याची पद्धत आहे, ती जीवाणी आईंना कोणी शिकवायला नको. पिशवी आता आधी टाकीच्याच पाण्याच्या बादलीत हलकेच खळबळतात, गाळ बसू देतात, वरचे पाणी परत सोडतात, मग ती नळाखाली जाते. पुतण्या म्हणतो, त्यामुळे दगडांत सूक्ष्म जीवांची वस्ती वाढलेली दिसते. असेलही.

पंप सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे भयंकर गडगडाट झाला आणि बंधू टॉवेल घेऊन धावले. नळीतली हवा बाहेर पडत होती. यासाठी सायफनच्या नळीचे खालचे टोक ‘संप’च्या पाण्यात जेमतेम इंचभरच बुडवायचे असते, अधिक बुडवले तर हवेला वाट मिळत नाही आणि सायफन धरत नाही. हवा संपली, आवाज एकदम तुटला. मग झडपेशी अर्धा तास गेला. पाव फेरा आवळायचा, कप्प्यातली पातळी स्थिरावेपर्यंत थांबायचे, पुन्हा थोडे. कप्प्यातले पाणी दातांच्या खाली चार बोटांवर आणून ठेवले, कारण वरून पडणाऱ्या पाण्याची उडी लांब झाली तर तीही वाजते.

शांतता लाभल्यावर बंधू चहाचे बघू म्हणाले. पण आवाज थांबला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या माणसाने खाऱ्या पाण्याचे काम घेऊ नये. आम्ही सायफनची झडप पूर्ण बंद केली. पाणी चढले, आणीबाणीच्या नळीत शिरले आणि मोठ्याने गर्जत उतरू लागले. टाकीच्या काठाबाहेर थेंब गेला नाही. त्या नळीचे खालचे टोक मुद्दाम पाण्याच्या वर ठेवले आहे, म्हणजे तिच्यावर भार येताच घरभर ऐकू जावे. नंतर वीज गेल्याची परीक्षा. पंप थांबताच वरचे पाणी खाली येते, आणि चढत्या नळीचे तोंड पाण्यात जितके खोल तितके पाणी ती उलट ओढून आणते. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. तोंड दहा सेंटिमीटर खोल असते तर सुमारे पंचावन्न लिटर खाली आले असते आणि ‘संप’ भरून वाहिला असता. ते दोन सेंटिमीटरवर ठेवून पृष्ठभागालगत हवेचे एक छिद्र पाडले. खाली पंचवीस लिटरची जागा नेहमी मोकळी ठेवायची आणि तिची रेघ काचेवर आखायची. पुण्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

त्यानंतरही महिनाभर झडप चार वेळा केसभर फिरवावी लागली. पंपात शेवाळ धरते, जाळी भरते, तसतशी पातळी सरकते. एका सांध्याला पांढरी मिठाची रेघ दिसली. इतकी सावकाश गळती गोड्या पाण्यात कळलीच नसती. मीठ मात्र हिशेब लिहून ठेवते. तो युनियन सोडवून रबरी वायसर बदलला.

एक प्रश्न सुटलेला नाही आणि तो लपवणे योग्य नव्हे. ब्लेनी शेवाळावर जगतो, मऊ पोवळी बव्हंशी प्रकाशावर; पण क्लाउनफिशच्या बाजारी दाण्यांत माशांची भुकटी असतेच. पुतण्या समुद्री शेवाळाच्या पट्ट्या आणि स्पिरुलिनाचे दाणे मिसळून देतो आणि ते खातात, तथापि तेवढ्यावर ते कायम निरोगी राहतील असे तो छातीठोकपणे सांगत नाही. घरात यावर दोन मते आहेत. नवे जीव आणायचे नाहीत, यावर मात्र एकमत आहे. क्लाउनफिश दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात, म्हणजे ही जबाबदारी दिवाळीपर्यंतची नव्हे.

पुतण्याला आता बेंगळुरूस नोकरी लागली असून तो जूनमध्ये जाईल. टाकी आई आणि भावजय सांभाळणार. आईंनी मला मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून मागितला, तो कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. पाणी मोठ्याने वाजू लागले तर घाबरू नये, मोठी नळी आपले काम करीत आहे. प्रथम जाळीची टोपी पाहावी, तिच्यात कोणी अडकले असल्यास हलक्या हाताने सोडवून टाकीत ठेवावे. पांढरे चक्र दोऱ्याच्या खुणेपलीकडे फिरवू नये. पाणी आटले तर मीठ घालू नये, मीठ उडत नाही. आरओचे साधे पाणी रेघेपर्यंत घालावे. खालच्या टाकीची वरची रेघ कधी ओलांडू नये. आणि काही कळेनासे झाले तर काकांना फोन करावा, वेळ कोणतीही असो.

शेवटच्या वाक्यातले ‘वेळ कोणतीही असो’ हे आईंनी खोडायला लावले. “पहाटेचे सामायिक सोडून,” असे त्यांनी त्या जागी लिहवून घेतले.